न गेलेल्यांची मोजणी

दौलत, भांडण अर्धवट टाकून उठायची तुझी सवय मला कधीच पटली नाही. बोलणं ऐन रंगात आलं की तू चहाचा कप विसळायला जायचास. दुसऱ्या दिवशी ऑफिसात पाऊल टाकल्याबरोबर, राम राम नाही की जय भीम नाही, कालच्याच जागेवरून सुरू: "आता आइक." घरी जाऊन उत्तर शिजवून आणलेलं असायचं. आता तू उठून गेलास त्याला आठवडा होत आला. मी अजून तिथंच बसलोय, आणि माझ्याकडे तुला सांगायची एक गोष्ट आहे. ती सांगितल्याशिवाय मला अन्न गोड लागणार नाही.

काल तुझ्या घरी पुण्यानुमोदनाला सगळे जमले होते. फोटोपुढे मेणबत्त्या लावल्या, वंदना झाली, मग एकेक जण बोलायला उभा राहिला. तुझा जन्म, तुझं शिक्षण, कुठं कुठं बदल्या झाल्या, सगळं रीतसर झालं. ऑफिसातल्या एकानं तुला मितभाषी म्हटलं. मितभाषी! मी तोंडाला रुमाल लावला, लोकांना वाटलं हा रडून राहिला. तुझ्याशी जेवढा भांडलो तेवढा मी बायकोशीही भांडलो नाही, आणि ती काही कमी नाही. मग मलाही बोलायला सांगितलं. उभा राहिलो, "दौलतराव हे" एवढं म्हटलं आणि खाली बसलो. तुला "दौलतराव हे" म्हणायची माझी जीभच वळेना. म्हणून इथं बोलतो, आपल्या नेहमीच्या तऱ्हेनं, मध्येच पुस्तकी, मध्येच वऱ्हाडी. तुला दोन्ही कळतं.

आपलं काम लोकांना कधी समजलंच नाही. माझ्या सासऱ्याला शेवटपर्यंत वाटत होतं की मी साखळी ओढत शेतं मोजतो. आपण शेतं नाही, येणारं-जाणारं मोजत होतो. रस्ते पक्के करायचं ठरलं होतं, पण सगळे काही एकदम होणार नव्हते. मुरूम आणि गिट्टी आधी कुठं पडायची, हे ठरवण्यासाठी कुणीतरी रस्त्यावर बसून पाहायला हवं होतं की कोण कुठून निघतो, कुठं जातो, काय माल नेतो. ते पाहणारे आपण. महाराष्ट्र नवा नवा झाला होता. आधी कागद नागपूरहून यायचे, आता मुंबईहून यायला लागले, आणि मुंबईच्या छापील कागदात बैलगाडीचा रकाना सगळ्यात शेवटी होता. पहिल्याच दिवशी तू चिडलास. "इथं बंडी पयली पायजे. मोटार मंग." आणि पट्टी घेऊन, टोकदार पेन्सिलीनं, तू सगळे रकाने नव्यानं आखलेस. माझा अर्धा दिवस तुझ्या रेघा पाहण्यात गेला. तेव्हाच मला कळायला हवं होतं की हा माणूस आपल्याला सुखानं बसू देणार नाही.

"अंदाजे" हा शब्द तुझ्यापुढे काढायची सोय नव्हती. कुणी म्हटलं, अंदाजे एवढ्या बंड्या असतील, की तू विचारायचास, "तुमी पाहाले गेलते का?" मोठ्या साहेबांनाही विचारायचास. तुझी बढती का अडली होती, हे वहिनींना मी एकदा समजावून सांगितलं होतं. त्या हसून म्हणाल्या, "घरीबी तसेच हायेत. मिठाचाबी अंदाज चालत नाई."

बार्शीटाकळीच्या बाजूनं अकोल्याला यायच्या दोन वाटा आपल्या वाट्याला आल्या. वरची वाट मोठ्या गावांतून जायची, तिच्यावर ट्रक चालायचे. खालची नाल्याकाठानं, बोरखेडवरून, नुसत्या बंड्यांची. दोन्हींपैकी एकच पक्की होणार होती. खालची राहिली तर बोरखेड आणि आजूबाजूची गावं पुढची कित्येक वर्षं पावसाळ्यात गाऱ्यातच अडकून पडणार, हे तुला माहीत होतं आणि मलाही.

वरच्या वाटेवर काम मजेत झालं. बांबूला लाल फडकं बांधलं की चौकी तयार, एक टेबल, दोन खुर्च्या. ट्रकवाला थांबायचा. कुठून निघालात, कुठं चाललात, काय माल? तो पान थुंकून सांगायचा आणि जायचा. तिथल्या पाटलाकडून जेवणाचं बोलावणं आलं, तेव्हा आलेला माणूस माझ्याच खुर्चीजवळ उभा राहिला. तुझ्याकडे त्यानं पाहिलंसुद्धा नाही. तू पेन्सिलीला टोक काढत म्हणालास, "जा ना बे, पुरण असन." मी गेलो नाही. हे काही मोठेपणा म्हणून सांगत नाही. तुझ्या डब्यात वहिनींच्या हातची भाकर आणि ठेचा होता, आणि त्या ठेच्यापुढे मला पाटलाचं पुरण काय, त्याचं आख्खं शेत दिलं असतं तरी नको होतं. आपण कडुनिंबाखाली बसून जेवलो. त्या बोलावण्याबद्दल तू बोलला नाहीस, मीही बोललो नाही. इतकी वर्षं बोललो नाही. जगातल्या सगळ्या गोष्टींवर भांडणारे आपण दोघं, एवढ्या एका गोष्टीवर मुके. आता वाटतं, बोलायला पाहिजे होतं. निदान दोघांनी मिळून शिव्या तरी द्यायला पाहिजे होत्या.

मग खालच्या वाटेवर आलो. बोरखेडच्या शिवेला चौकी लावली. कापसाचे दिवस होते, उजाडता उजाडता बंड्या निघायच्या. पहिली बंडी आली, कापसानं ठेचून भरलेली, पुढे एक म्हातारा बसलेला. मी कागद पुढे धरला आणि छापील प्रश्न जसाच्या तसा विचारला.

"कुठी चालले, बाबाजी?"

त्यानं कासरा ओढला. माझ्याकडे असं पाहिलं की जसा काही मी त्याच्या बैलाला दगड मारला. "झालं! टोकलं!" तो म्हणाला. "घरून निंगालो नाई का टोकलं! आता कायचा भाव भेटते?" बंडी बाजूला घेतली, खाली उतरला, लोटाभर पाणी प्याला, तंबाखू मळली. आणि बंडी वळवून सरळ गावात परत नेली. मी मागून ओरडतोय, "अहो बाबाजी, सरकारी काम हाय!" त्यानं वळूनसुद्धा पाहिलं नाही.

आता गंमत पाहा. हे मला माहीत नव्हतं का? मी घरून निघालो की माझी माय "लांब चालला का?" एवढंच विचारायची. कामाला निघालेल्याला "कुठं" म्हणून विचारलं की काम फसलं, हे आमच्याकडे शेंबडं पोरही सांगेल. कुणी चुकून विचारलंच तर चपला काढून पुन्हा आत बसायचं, पाणी प्यायचं, मग निघायचं. हे सगळं आईच्या दुधाबरोबर प्यालेला मी, हातात छापील कागद आला आणि सपशेल विसरलो. सकाळी सकाळी उभ्या गावाला टोकत बसलो. वरच्या वाटेवर हे लक्षातच आलं नाही, कारण ट्रकवाल्याला कोण कशाला टोकतं? तो दुसऱ्याचा माल घेऊन चाललेला, भाव पडला काय आणि चढला काय, त्याला काय त्याचं.

दुसऱ्या दिवशी रस्ता ओस. एखादी सायकल, एखादं कुत्रं. मोठे साहेब जीपमधून आले, कोरा कागद पाहिला आणि खूश झाले. "म्हणजे या रस्त्याला वाहतूकच नाही. चला, आटपा." मी आटपायला लागलो. तू चौकी सोडून शेतात शिरला होतास. परत आलास तो पँटभर गोखरू चिकटवून. "बंड्या बंद नाई झाल्या बे. पांदणीतून चालल्या. चाकोऱ्या ताज्या हायेत." शेताशेतांमधली ती अरुंद पांदण, जिथून रिकामी बंडी नेतानाही माणसाला देव आठवतो, तिथून त्या लोकांनी कापसानं भरलेल्या बंड्या धुऱ्याला, बांधाला घासत नेल्या होत्या. आपल्या तोंडून तो प्रश्न ऐकायला नको म्हणून. आपण मोजायला बसलो म्हणून रस्ता रिकामा झाला होता, आणि तोच रिकामा रस्ता आपण वर कळवणार होतो.

साहेबांकडून चार दिवसांची मुदत तू कशी मिळवलीस, मला माहीत नाही. त्या संध्याकाळी आपलं जुंपलं. मी म्हटलं, "अबे, तू तं हे शकुन-बिकुन मानत नाईस ना!" छप्पन साली तुम्ही घरचे सगळे नागपूरला जाऊन दीक्षा घेऊन आलात, तेव्हापासून मांजर आडवं जावो की कुणी शिंको, तुझ्या घरी कोणी थांबत नव्हतं. "मंग सांग ना त्याइले समजावून, का यात काई नसते म्हणून."

तू शांतपणे म्हणालास, "लोकाइचं मन बदलाचं काम मी आयतवारी करतो. इथं मले त्याइचं उत्तर पायजे." आणि गेलास कप विसळायला.

सकाळी उत्तर तयार. "आता आइक. जाणाऱ्याले इचाराचंच नाई. येणाऱ्याले इचारू. घरी परतणाऱ्याले काय टोकणं? कुठून आले, एवढं इचारलं का झालं." मी उसळलो. परतीची बंडी रिकामी, मग माल काय होता ते कागदावर कसं येणार? तू माझ्याकडे कीव आल्यासारखं पाहिलंस. "काय इकून आले, हे इचाराले काय होते तुले?"

मग चौकी सकाळची दुपारनंतरची झाली. दिवस कलला की बंड्या परतायच्या, आणि देवा रे, परतीच्या माणसाला किती बोलायचं असतं! भाव काय भेटला, अडत्यानं कापसात ओल कशी काढली, सरकी काढायच्या जिनावर बंड्या कशा खोळंबल्या, लेकाचं लग्न कुठं जमून राहिलं. एक जण बंडीवरून उतरून तुझ्या खुर्चीत बसला तो उठेचना. तू उभ्यानं लिहीत होतास आणि तो तुला पाणी मागत होता. पहिल्या दिवशी परत फिरलेला तो म्हाताराही आला. मी त्याला पाहून मागे सरलो. त्यानं बंडी थांबवली आणि म्हणाला, "इचार ना आता. आता कावून मुका झाला?" तू इतका हसलास की तुझ्या पेन्सिलीचं टोक मोडलं. खालच्या वाटेचे कागद भराभर भरायला लागले.

काम तिथंच संपलं असतं, आणि आपलं भांडणही संपलं असतं, जर सरूमाय नसती. चौकीजवळच्या पहिल्याच घरातली ही म्हातारी, करमत नाही म्हणून येऊन बसायची, बंड्या पाहायची, आणि आपण भांडायला लागलो की पदर तोंडावर घेऊन हसायची. शेवटच्या दिवशी बंड्या थोड्या होत्या. तू गमतीनं कागद तिच्यापुढे धरलास.

"माय, तुमी कुठून येऊन राह्यल्या?"

"मी? मी कुठून येऊ? मी जातच नाई बाप्पा कुठी."

"अकोल्यालेबी नाई? कोणी नाई का तुमचं तिथं?"

तिनं पदर सावरला. कोणी नाही कसं? पोटची एकच पोरगी, वच्छी, जठारपेठेत दिलेली, जावई तेलाच्या मिलात. पहिल्या बाळंतपणाला पोरीला माहेरी आणायची, तर ऐन श्रावण, नाला दुथडी, बंडी घालायची कुणाची छाती झाली नाही. सासरचे रुसले ते रुसलेच. पोरीला धाडत नव्हते. हिला जाणं जमत नव्हतं, कंबर धरलेली, कापसाच्या बंडीवर कोणी बसू देत नाही, आणि चालून तर ती शिव ओलांडू शकत नव्हती. "नात झाली म्हणते," ती म्हणाली. "म्या पायलीच नाई. आता तं चालूनबी राह्यली असन."

तू कागद खाली ठेवलास. "हे आपल्या मोजणीत कुठी येते?" असं मला विचारलंस.

"कुठी येते म्हंजे? ते जातच नाई, तं येईन कशी?"

"मीबी हेच म्हणून राह्यलो."

तिथून ते भांडण सुरू झालं, जे तू अर्धवट टाकून गेलास. तुझं म्हणणं, आपण रस्त्यावर दिसतात तेवढेच मोजतो. रस्ता नाही म्हणून जे घरी बसलेत, ते मोजणीत येत नाहीत. ते येत नाहीत म्हणून वाहतूक कमी दिसते, आणि वाहतूक कमी म्हणून रस्ता मिळत नाही. माझं म्हणणं, जो रस्त्यावर नाही त्याला मोजायचं कसं? घरोघर जाऊन "रस्ता झाला तर जाल का" असं विचारलं तर उभं गाव म्हणेल, रोज जाऊ. फुकटात नाही कोण म्हणतं? "तुले अंदाज चालत नाई ना? मंग हा निव्वळ अंदाज हाय." हे तुला झोंबलं. तू कप उचललास.

आणि सकाळी? "आता आइक. पुढं काय करान, हे इचाराचंच नाई. मांगच्या साली काय रायलं, हे इचाराचं. कोणतं लगन चुकलं. कोणाले दवाखान्यात न्याचं होतं अन नेलं नाई. जे रायलं ते रायलं, ते झालेली गोष्ट हाय. त्याच्यात अंदाज कायचा?" मी कोऱ्या कागदांची चळत उचलली. मला ते पटलं होतं असं नाही.

मग आपण बोरखेडात घरोघर फिरलो, तू पुढे आणि मी मागे कुरकुरत. कुणाच्या पोरीचं पुढच्या शाळेत नाव घालायचं राहिलं होतं. कुणाची आई डोळ्यांनी अधू होत गेली आणि दवाखाना राहिला. एका बाईचं भावाच्या मातीला जाणं राहिलं. हे सांगताना ती माणसं रडत नव्हती, दौलत, आणि मला तेच सहन होत नव्हतं. पाऊसपाणी सांगावं तशी सांगत होती. तू लिहीत होतास, आणि मध्येच थांबून टोक असलेल्या पेन्सिलीला पुन्हा टोक काढत होतास. परत येताना मी त्या दिवशी तुला डिवचलं नाही.

त्याचं एक पान करून तू अहवालाला जोडलंस. मोठ्या साहेबांनी वाचलं. वाईट माणूस नव्हते ते, त्यांनाही वर कुणीतरी विचारणारं होतं. त्यांनी ते पान बाजूला काढलं. "दौलतराव, हे सर्वेक्षण आहे की कीर्तन?" सगळं ऑफिस हसलं. तू पानाची घडी करून खिशात घातलीस आणि पुढच्या कामाला लागलास.

आणि झालं काय, तर खालचीच वाट मंजूर झाली! परतीच्या बंड्यांच्या जोरावर. त्या दिवशी मी तुला खांद्यावर घ्यायचाच बाकी होतो. पण मी काही मोठ्या मनाचा माणूस नाही. म्हटलं, "पाय, तुह्या न गेलेल्याइची गरज पडली का? बंड्याइनंच आणला ना रस्ता?" तू म्हणालास, "या टायमाले आणला. जिथं बंड्याबी नाईत, तिथं काय करशीन?" पण रस्ता तर माझ्या बाजूनं होता. ते मी तुला वर्षानुवर्षं ऐकवलं.

तुझी बदली धामणगाव रेल्वेला झाली. बिऱ्हाड अकोल्यातच ठेवलंस. तिथं रेल्वेच्या फाटकाशी धान्याच्या आणि कापसाच्या बंड्या खोळंबायच्या, त्या तू मोजायचास, आणि फाटक उघडायची वाट पाहून कंटाळून घरी वळलेल्या माणसांनाही गाठायचास. तुमचं आज काय राहिलं? दर अहवालाला तू ते पान जोडायचास आणि दर वेळी ते निघायचं. अमरावतीला बैठका असल्या की आपण भेटायचो, स्टँडसमोर चहा घ्यायचो. "काय म्हणतात तुहे न गेलेले?" हा माझा राम राम. "घरीच हायेत," हा तुझा जय भीम. त्या चहासाठी मी अमरावतीची एकही बैठक चुकवली नाही, हे तुला माहीत होतं का? बैठकीत काय ठरलं, ते मला आज एक अक्षर आठवत नाही.

खालच्या वाटेचं काम कसं रखडलं, ते तुला काय सांगायचं. आधी मुरूम पडला, मग गिट्टीचे ढीग पडून राहिले, मग रोलर दुसरीकडे गेला तो गेलाच. नाल्यावरचा ठेंगणा पूल, तो रपटा, एकदा वाहून गेला, पुन्हा बांधला. शेवटी एकदाची बस सुरू झाली. आपली शेवटची भेट तेव्हाचीच. तू बारीक झाला होतास. "जेवत नाईस का बे?" मी म्हटलं. तू ते कानाआड केलंस. "बोरखेडची बस सुरू झाली म्हणते. एकदा बसून येऊ. सरूमाय असन तं भेटू." मी म्हटलं, "येऊ ना. गावाकडचं पीक निंगू दे." पीक निघालं. तू थांबला नाहीस. तुझ्या आजाराबद्दल मी लिहीत नाही, ते वहिनींचं आहे.

आता ती गोष्ट. काल बोलणी संपली, लोक पांगायला लागले, तेव्हा फाटकाशी गलका झाला. बाया-माणसं आत येत होती, पायांवर धूळ, बस लेट झाली म्हणून हळहळत. बोरखेडची. तू गेल्याचं कंडक्टरकडून कळलं म्हणे. त्यात सरूमाय होती, पार वाळलेली, एका बाईच्या खांद्यावर भार टाकून. वहिनी तिला ओळखत नव्हत्या. ती वहिनींना खेटून बसली, त्यांचा हात हातात घेतला आणि म्हणाली, "बाई, तुहा माणूस माह्या घरी आलता. मले म्हणे, माय, तुमचं काय काय रायलं ते सांगा. असं मले जल्मात कोणी इचारलं नोतं." आठवडाभर कोरड्या डोळ्यांनी बसलेल्या वहिनी तेव्हा पहिल्यांदा रडल्या.

वहिनींच्या घरचा चहा ती प्याली. मी जाऊन जवळ बसलो. "ओळखलं का, माय?"

"तू तो भांडकुदळ," ती म्हणाली.

"वच्छीकडं जाऊन आल्या असान आता. बस झाली ना."

"नाई."

"कावून?"

"बलावल्याबिगर जावयाच्या घरी कशी जाऊ? बस झाली तवापासून रोज पायतो, जाते अन येते. आज म्हटलं, दुखाले जाले बलावणं लागत नाई. चढली."

इतक्या वर्षांत ती अकोल्याला आली ती तुझ्यासाठी आली, दौलत. पोरीच्या आधी तुझ्याकडे आली.

मी म्हटलं, जठारपेठेतच राहतो मी, चला, नेऊन सोडतो. बरोबरची मंडळी स्टँडवर थांबतो म्हणाली. मग माझी जीभ, तुला ठाऊकच आहे. "पण माय, दुखाच्या घरून थेट लेकीच्या घरी..." आमच्याकडे आधी आंघोळ, मग बाकी सगळं. तिनं मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "कावून? ज्यानं मले इचारलं, त्या लेकराचं घर का इटाळाचं हाय?" मी उठून चपला घातल्या.

टांग्यातून गेलो. घर विचारत विचारत गल्लीत शिरलो तर वच्छी दारातच ज्वारी पाखडत बसलेली. तिनं वर पाहिलं. ओळखायला वेळ लागला, एवढी वर्षं मध्ये गेली होती. मग सूप तसंच हातातून गेलं. "माय," एवढंच म्हणाली. दोन वेण्या घातलेली एक पोरगी दाराला टेकून उभी होती. "आई, हे कोण व्हय?" सरूमाय त्या पोरीकडेच पाहत होती. आतून वच्छीची सासू आली आणि माझा जीव थोडा थोडा झाला. सासूनं सांडलेली ज्वारी पाहिली, मला पाहिलं, म्हातारीला पाहिलं. "विहीणबाई, उन्हात काहून उभ्या?" म्हणाली. तांब्या घेऊन आली आणि पायांवर पाणी घालायला स्वतः वाकली.

मी तिथून निघालो. सरूमायचं नातीला पाहायचं राहिलं, हे त्या तुझ्या पानावर होतं. ते काल झालं. रस्ता बंड्यांनी आणला असेल, पण तो ज्यांचा होता ती माणसं तुझ्याच पानावर होती. तुझंच खरं होतं. मी हे तुझ्या तोंडावर कधी म्हटलं नाही, कारण म्हटलं असतं तर तुझ्याशी भांडायला उरलं काय असतं?

आणि मला घाई झाली. कधी एकदा तुला हे सांगतो, असं झालं. घराकडे वळायच्या ऐवजी मी स्टेशनच्या रस्त्याला लागलो. धामणगावला जायला आता कोणती गाडी आहे, हे एका पानवाल्याला विचारलंसुद्धा. तो सांगत होता आणि ऐकता ऐकता मला आठवलं. तुझ्या फोटोपुढून उठून आलो होतो, लेका, आणि तुलाच भेटायला निघालो होतो. तिथंच, पानाच्या ठेल्याला धरून मी रडलो. भर रस्त्यात, हुंदके देऊन. येणारे-जाणारे थांबून पाहत होते. पाहू दे.